वेळ आली नव्हती

ट्रेलोर रडारवर होता.
चार तास डोळ्यांत तेल घालून,
चार तास झोप, बुटांसकट.
जहाज नवंकोरं. दारांना अजून रंगाचा वास.
ढगांवरून येणारं काहीही हे दुरूनच टिपेल,
असं कारखान्याचा माणूस सांगून गेला होता
सँडविच खाता खाता.

ढगांवरून कुणी आलंच नाही.

आले ते खाडीच्या तोंडातून, डोंगराला खेटून,
लाटांच्या इतक्या जवळून
की शेपटीमागे पाणी उसवत गेलं.
पडद्यावर डोंगर हिरवा, मेंढ्यांचं माळरान हिरवं,
आणि त्या हिरव्यातलं एक हिरवं
सरकत होतं.
ट्रेलोर ओरडला. त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.
क्षेपणास्त्राने इकडे मान वळवली, तिकडे वळवली,
परक्या गावात पत्ता विसरलेल्या माणसासारखं
जागच्या जागी थांबलं.
बावीस सेकंद.
एवढ्यात चहातली साखरसुद्धा विरघळत नाही.

बाँब डावीकडून शिरला,
लाँड्रीतून गेला, वाळत घातलेले सतरा शर्ट ओढून नेत,
आणि शीतगृहात, गोठलेल्या मटणाच्या दोन रांगांमध्ये
जाऊन आडवा झाला.
फुटला नाही.

हाँगकाँगहून आलेला याउ, जहाजाचा धोबी,
नेमका तेव्हा डेकवर सिगारेट ओढत होता.
सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, म्हणतात ना,
तसं.
याउने वहीत लिहिलं : शर्ट सतरा, येणे बाकी.
रात्री एक माणूस पाना आणि टॉर्च घेऊन
मटणात शिरला,
आणि आम्ही तीनशे जण
मोठ्याने खोकायलाही घाबरलो.

आम्ही म्हणालो खरं. मी तिथे कोण होतो ते सोडा.
भांडी घासत होतो.

एकतीस वर्षांनी ट्रेलोरला पत्र आलं.
तांदिल गावाहून, मोडक्या इंग्रजीत.
ओस्वाल्दो बेरुती, आता सोयाबीनवर औषध फवारतो,
तेही विमानातूनच.
लिहितो : तुमच्या जहाजाची मला फार भीती वाटायची.
म्हणून मी खाली उडालो, अजून खाली,
माझ्या शिक्षकाने शिव्या घातल्या असत्या इतका खाली.
बाँबच्या नाकावर एक छोटं पातं असतं,
पडताना वाऱ्याने फिरतं, मग तो जागा होतो.
मी त्याला फिरायला उंचीच दिली नाही.
तुमच्या भीतीनेच तुम्हाला वाचवलं म्हणा.
माझ्या डावीकडचा एस्तेबान मात्र
जरा वर गेला होता.
त्याला तुम्ही टिपलंत. नवं जहाज होतं ना.

पबमध्ये पोरं वाद घालतात,
जहाज भारी की विमान?
आता तर त्यांना तळहाताएवढ्या यंत्रांचीही भर.
टेबलावर मीठदाणीचं जहाज, काड्यापेटीचं विमान.
ट्रेलोर ऐकतो, बिअरचं बिल देतो,
घरी जाताना बंदरावर कुरव पाण्यावर सूर मारतात
तेव्हा ओठांत आकडे पुटपुटतो.
बावीसच्या पुढे कधी जात नाही.

पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत एक ओळ होती :
वरून फक्त एक माणूस स्पष्ट दिसला,
पांढरा एप्रन, हातात सिगारेट.
पळाला नाही, मान वर करून बघत राहिला.
तो वाचला का?

चौथ्या दिवशी दुसरे आले. त्याच खाडीतून, तेवढेच खाली.
तिकडे कुणीतरी रात्र जागून
पात्याचा हिशेब सुधारला होता.
याउ त्या वेळी लाँड्रीत होता.

ट्रेलोरने तीन कागद फाडले.
चौथा मला दाखवला, स्पेलिंग बघ म्हणाला.
एकच वाक्य होतं.
"त्या दिवशी, हो, वाचला."
मी स्पेलिंग बघितलं.
बरोबर होतं.